रिकाम्या फांद्या

चंद्राक्का रस्त्यानं चालत त्या मान वर करून. समोरून बैलगाडी येवो नाहीतर सायकल, त्यांचे डोळे झाडांच्या शेंड्यांवर. त्यामुळे उजव्या पायाच्या अंगठ्याला कायम चिंधी बांधलेली असे, आणि यशवंतपूरचे गाडीवान त्या दिसल्या की आपणहून बैल बाजूला घेत. एकदा एकानं विचारलं, "अक्का, वर काय हरवलंय?" अक्का न थांबता म्हणाल्या, "खाली काय आहे बघण्यासारखं? तुझं तोंड?"

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहाएक वर्षांतली ही गोष्ट. बेंगळूरच्या एका छोट्या प्राणिमित्र संस्थेत आम्ही दोघी अर्धवेळ काम करायचो. मल्लेश्वरममधल्या एका बंगल्यामागच्या दोन खोल्या, एवढीच ती संस्था. अक्का सकाळी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत आणि दुपारी इकडे येत. मी लग्न होऊन साताऱ्याहून नुकतीच आलेली, टायपिंगसाठी लागलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "टायपिंग येतं, सरी. झाडावर चढता येतं का?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग शिडी तरी धरशील," म्हणून त्यांनी माझी नेमणूक पक्की केली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की निम्मं बोलणं मला अंदाजानंच समजे. 'सरी' म्हणजे 'ठीक' एवढं मात्र लवकर कळलं.

संस्थेत कावळ्यांनी टोचलेल्या घारी यायच्या, जखमी माकडं यायची. अक्का सगळ्यांचंच करत, पण त्यांचा खरा जीव होता काडुपापावर. खारीपेक्षा थोडं मोठं, शेपूट नसलेलं, काडीसारख्या हातापायांचं आणि चेहराभर डोळे असलेलं हे जनावर. कन्नडात काडुपापा म्हणजे रानातलं बाळ. दिवसभर झोपतं आणि अंधारू लागलं की फांदीवरून फांदीवर निघतं. अक्का मला शिकवत, "हे घाईचं जनावर नव्हे गं. उडी मारणार नाही. पुढच्या फांदीला हात लागल्याशिवाय मागची सोडणार नाही. आपल्यासारखं थोडंच आहे, धड विचार नाही आणि घेतली उडी!"

यशवंतपूरच्या बाजारात एक जोतिषी पिंजऱ्यात काडुपापा ठेवून भविष्य सांगे. अक्का भर बाजारात त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. "आधी याचं भविष्य सांग."

"जनावराला कसलं भविष्य, अक्का?"

"मग ज्याला स्वतःचं भविष्य नाही, तो माझं काय सांगणार?"

गर्दी हसली. गिऱ्हाईक येईना आणि अक्का उठेनात. शेवटी त्यानं पिंजरा पुढे सरकवला, "न्या बाई, पण उठा इथून!" तिन्हीसांजेला आम्ही ते जनावर यशवंतपूरच्या पुढच्या रस्त्यावर सोडलं. तिथं दोन्ही बाजूंच्या जुन्या चिंचा वर एकमेकींत मिसळून गेलेल्या होत्या. ते सावकाश खोडावरून चढत गेलं. अक्कांनी त्याला हात जोडले आणि मी पाहिलं म्हणून माझ्यावरच डाफरल्या, "बघतेस काय? पिंजरा उचल."

पुढं त्या भागात कारखाने आले आणि त्यांच्यासाठी विजेच्या तारा. एका बाजूच्या सगळ्या चिंचा तोडायचं ठरलं. अक्का रोज शाळा सुटली की शिवण घेऊन इंजिनिअरच्या दारात जाऊन बसू लागल्या. तो तरुण होता, भला होता. शेवटी म्हणाला, "अम्मा, झाडं ठेवतो. पण रस्त्यावर आलेल्या फांद्या काढाव्याच लागतील. कुठल्या काढायच्या ते तुम्हीच दाखवा." अक्कांनी त्या दिवशी आख्ख्या संस्थेला मैसूरपाक वाटला. त्यांना एवढं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

छाटणीच्या दिवशी त्या उन्हात उभ्या राहून छत्रीच्या टोकानं फांद्या दाखवत होत्या. जिच्यावर घरटं, मोहोळ किंवा ढोली, ती राहू द्यायची. "ही बेड, बेड! ही नको, हिला हात लावू नका. ती काढा, ती रिकामी आहे." रस्त्यावरून आरपार गेलेल्या बारीक फांद्यांवर कुणीच घर केलेलं नव्हतं. त्या सगळ्या गेल्या. एकही पिल्लू खाली पडलं नाही, म्हणून जाताना मजुरांनीसुद्धा अक्कांना नमस्कार केला.

पावसाळा सरता सरता एका गाडीवानानं टॉवेलात गुंडाळून एक काडुपापा आणलं. चाकाखाली आलेलं. "हे खाली कशाला उतरलं?" अक्का स्वतःशीच पुटपुटल्या. काही दिवसांनी दुसरं आलं, कुत्र्यांनी फाडलेलं. आम्ही त्या रस्त्यावर गेलो. अक्का मधोमध उभ्या राहिल्या. वर दोन रांगांच्या मध्ये लांबच लांब मोकळं आभाळ होतं. वर बघतच म्हणाल्या, "रिकाम्या नव्हत्या गं त्या. तो त्यांचा रस्ता होता."

नारळ काढणाऱ्या माणसाला बोलावून आम्ही या झाडापासून त्या झाडापर्यंत काथ्याचे दोर बांधले. खारी त्यावरून पळाल्या. काडुपापा जाताना आम्हाला कधी दिसलं नाही. मग इंजिनिअर आला. पावसात ओला झालेला दोर तारेला टेकला तर खालून जाणारं माणूस मरेल, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. अक्का भांडतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या फक्त "सरी" म्हणाल्या आणि दोर सोडवायला स्वतः उभ्या राहिल्या. मला त्या दिवशी रडू आवरलं नाही.

झाडं वाचवली म्हणून संस्थेनं त्यांना शाल द्यायचं ठरवलं. त्या कार्यक्रमाला आल्या नाहीत आणि पुढं कामालाही आल्या नाहीत. मी अधूनमधून घरी जायची. त्या चहा द्यायच्या, माझ्या मुलांची चौकशी करायच्या, झाडांचं नाव काढायच्या नाहीत. काही वर्षांनी त्या अंथरुणाला खिळल्या. त्यातून त्या उठल्या नाहीत. शेवटच्या भेटीत न राहवून मी म्हटलं, "अक्का, किती लावून घ्याल मनाला? तुम्हाला तरी काय माहीत होतं?"

त्यांनी माझा हात धरला. जणू समजूत माझीच घालायची होती.

"इंजिनिअरला माहीत नव्हतं, मजुरांना माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "या सगळ्या बेंगळुरात, सुमती, मलाच तेवढं माहीत होतं."