स्टॅबिलायझरची चादर

आमच्या घरामागे यंत्रमागांचा कारखाना आहे. जेवणाची सुट्टी संपून माग सुरू झाले, की आमचा पंखा सुस्तावतो. म्हणून मुलीच्या संगणकासाठी मी दोन उपकरणे आणली. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: भिंतीतल्या सॉकेटला स्टॅबिलायझर, स्टॅबिलायझरला यूपीएस आणि यूपीएसला संगणक. विजेचा दाब कमीजास्त झाला, तर स्टॅबिलायझर तो सावरतो; वीज गेलीच, तर यूपीएस बॅटरीवर थोडा वेळ निभावून नेतो. प्रत्येक हेलकाव्याला बॅटरी खर्ची पडू नये, म्हणून स्टॅबिलायझर आधी. निवृत्तीनंतरही खडूची सवय सुटलेली नसल्याने हे सारे मी आकृती काढून घरात समजावले.

पत्नीने आकृती लक्षपूर्वक पाहिली आणि विचारले, "ह्यांचं कव्हर कुठाय?"

तिचे माहेर करकंबचे. घरात नवी वस्तू आली की तिला कव्हर शिवायचे, ही तिथली रीत. आमच्याकडे टीव्हीचा रिमोटसुद्धा अंगभर कपड्यात असतो.

"त्यांना हवा लागते," मी म्हणालो. "मागच्या फटी त्यासाठीच आहेत."

"आणि फटीतनं धूळ जाती ती? हितं धूळ किती हाय बघा की!"

विषय तिथेच संपला, असे मला वाटले.

त्याच आठवड्यात मुलीची मुलाखत होती, घरूनच, संगणकावर. ग्राहकांना फोनवरून यंत्रे समजावून देण्याची नोकरी होती. आधीच्या दोन मुलाखती वीज गेल्याने अर्ध्यावरच बुडाल्या होत्या. हीही बुडाली, तर आत्याच्या साड्यांच्या दुकानात बसायचे, असे ठरले होते. मुलीला ते मुळीच नको होते.

मुलाखत रंगात आली आणि मागे माग सुरू झाले. स्टॅबिलायझर "टक्" म्हणाला. पंखा मंदावला, संगणक मात्र ढळला नाही. दारात उभ्या असलेल्या मला धन्य वाटले. थोड्याच वेळात गरम कापडाचा वास आला आणि यूपीएस "पीं पीं" करू लागला.

मी टेबलाखाली वाकलो. दोन्ही उपकरणे जाड सोलापुरी चादरीच्या पिशवीत होती; तोंडाला नाडी, नाडीला गाठ. उष्णतेने स्टॅबिलायझर बंद पडला होता. आता सारी भिस्त बॅटरीवर. पत्नी कॅमेरा चुकवत रांगत आली.

"गाठ कसली मारलीस ही?" मी कुजबुजलो.

"धूळ जाऊ नये म्हणून."

"कात्री आण."

"अहो, चादर नवी हाय!"

तिने दातांनी गाठ सोडवली. मी पुठ्ठ्याने वारा घालू लागलो. वर मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला, "हा आवाज कसला? मी ग्राहक आहे असं समजून सांगा."

मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, यूपीएस सांगतोय की तो आता बॅटरीवर आहे. त्याच्या आधी जोडलेला स्टॅबिलायझर तापून बंद पडलाय. तुमच्याकडे असं झालं तर घाबरू नका. आधी त्याच्यावर काही झाकलंय का, ते बघा."

"झाकलंय का?"

"आत्ताच काढलं, मॅडम."

बाई हसल्या. यूपीएसची "पीं पीं" घाईची होऊ लागली होती, तोच स्टॅबिलायझर पुन्हा "टक्" म्हणाला आणि यूपीएस गप्प झाला.

नोकरी मिळाली. पेढे वाटताना मी वायुवीजनाचे महत्त्व सांगू लागलो, तेव्हा पत्नीने मध्येच थांबवले.

"मी झाकलं नसतं, तर त्या बाईंनी विचारलं असतं का?"

नवे कव्हर जाळीच्या कापडाचे आहे. माप मीच घेऊन दिले.