साहेब न जेवता गेले

शाळेचं वेळापत्रक ज्यानं कुणी आखलं, त्याला एकदा आमच्या वाडीवर आणून बसवायला हवं होतं. दिवाळीनंतर, अख्खी वाडी दारं लावून वीटभट्ट्यांवर निघून गेल्यावर. मग बघितलं असतं कुणाला शिकवतो ते!

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वर, चढण संपते तिथं ती वाडी होती. शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली, चार इयत्ता आणि चारींना मिळून एकटी मी. पावसाळ्यात पोरं घरी असायची, तेव्हा बसायला जागा पुरायची नाही. दिवाळी झाली की आईबापांच्या मागोमाग तीही खालापूर, चौक या गावांकडच्या भट्ट्यांवर जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परत. आणि सुट्टी आम्हाला कधी? मे महिन्यात! शहरातल्या पोरांना मामाकडे आंबे खायला जायचं असतं ना, म्हणून.

तालुक्याच्या बैठकीत मी एकदा उभी राहून म्हणाले, "पोरं भट्टीवर असतात तर शाळाही भट्टीवर न्या. फळा मी डोक्यावर घेऊन जाते." सगळे हसले. पुढं कितीतरी दिवस मास्तर मंडळी मला विचारायची, "काय बाई, फळा केवढ्या वजनाचा?" हसा म्हटलं, हसा. पण उत्तर कुणी दिलं नाही.

माझे वडील रेल्वेत गँगमन. आम्ही बौद्ध झालो त्याच वर्षी त्यांनी माझं नाव कर्जतला शाळेत घातलं. शाळा काय चीज असते ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. खालच्या गावांत खोली मागायला गेले की आधी आडनाव विचारायचे, आणि मग खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. शेवटी मी शाळेच्याच मागच्या पडवीत चूल मांडली. वाडीनं मात्र मला कधी आडनाव विचारलं नाही. मी त्यांची 'बाई' होते, संपलं.

हिवाळा जाता जात नसे. मागं उरलेली दोन-तीन पोरं आणि म्हातारी माणसं. घंटा मी वेळेवर द्यायचेच. कधी ती दोन-तीन पोरंही लाकडाला गेलेली असायची, मग मी रिकाम्या खोलीत मोठ्यानं पाढे म्हणायचे, तेवढाच माणसाचा आवाज. फार एकटं वाटायचं. उगाच खोटं कशाला बोलू?

अशाच एका माघात तालुक्याहून निरोप आला. साहेब तपासणीला येणार. पोरं पुरेशी दिसली नाहीत तर शाळा बंद, पोरांनी खालच्या गावच्या शाळेत जावं. आता मधे ओढा. पावसाळ्यात त्याला असं पाणी यायचं की मोठी माणसंसुद्धा दोन-दोन दिवस अडकायची. म्हणजे पोरं घरी असतील तेव्हा ओढा आडवा, आणि ओढा उतरला की पोरं भट्टीवर. शाळा गेली म्हणजे गेलीच.

माझ्या डोळ्यांसमोर एकच पोरगी यायची. तिसरीतली. मिठाच्या पुडीवरचं, बिडीच्या कट्ट्यावरचं, जे छापलेलं दिसेल ते वाचत सुटायची. मी भट्ट्या पालथ्या घातल्या. तिची आई विटा थापत होती. तिला म्हटलं, "अगं, एक दिवस पोरं पाठवा. साहेब खूश झाला पाहिजे, तरच शाळा राहील."

"एवढंच ना बाई?" ती म्हणाली. "आमी समदीच येतो. साहेबाला खूश करूनच धाडू."

शब्दाला जागली ती. आदल्या संध्याकाळी बायकापोरं चढण चढून वर आली. बंद घरांतून धूर निघाला. काय सांगू, मला रडूच आलं! सकाळी पोरांना आंघोळी घालून ओळीनं बसवलं, हलू नका म्हणून दम दिला आणि साहेबांना आणायला मी खाली कोंडाण्याला गेले. ती रीतच होती, तपासणीच्या साहेबाला वाटेवर जाऊन घेऊन यायचं.

साहेब माणूस सरळ. घाम पुसत, वाटेत थांबत, माझी विचारपूस करत आले. मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. खोलीत एक पोर नाही! पाट्या तेवढ्या ओळीनं मांडलेल्या.

"मुलं कुठं आहेत, बाई?"

मी बाहेर धावले. बायका चुलीपाशी बसून वाटण वाटत होत्या. त्या पोरीची आई हसत म्हणाली, "पोरांना डोहावर धाडलंय चिंबोऱ्या धराया. साहेब पयल्यांदा आपल्या दारी आलाय, त्येला नुसत्या भाकरीवर कसं बशिवणार?"

मी कपाळाला हात लावला. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू? साहेब खूश झाला पाहिजे, हे मीच सांगितलं होतं. आणि साहेब कशानं खूश होतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक साहेब आजवर खाऊनच खूश झाला होता.

जरा वेळानं पोरं आली. चिखलात माखलेली, टोपली भरून चिंबोऱ्या, चांगले मोठाले खेकडे, घेऊन, आनंदानं नाचत. साहेबांचा चेहरा कठीण झाला. "माझ्या जेवणासाठी तुम्ही वर्गातली मुलं ओढ्यावर पाठवता?"

"साहेब, माझं ऐकून तरी घ्या," मी म्हणाले. पोरं हजरच होती, मोजा तरी, म्हणून विनवलं.

"वर्गात होती तेवढीच मी मोजणार. आणि हे अन्न मी खाणार नाही."

ते चढण उतरून गेले. पैसे न खाणारा, कोंबडी न खाणारा तो एकमेव साहेब मी पाहिला, आणि त्यानंच आमची शाळा बंद केली. वाडी ताटं वाढून उभी होती. पोरांनी दुपारी चिंबोऱ्या खाल्ल्या.

माझी बदली चौकला झाली. हायवेवरची मोठी शाळा, भरलेले वर्ग, बसायला खुर्ची. दिवसभर गलका, आणि त्या गलक्यात मी वाडीपेक्षा जास्त एकटी पडले.

पुढच्या वर्षी उन्हाळा लागताना एकदा शाळेच्या फाटकापाशी कुणीतरी 'बाई' म्हणून हाक मारली. त्या पोरीची आई होती. काखेत पाय बांधलेली कोंबडी.

"पोरगी कुठंय गं?"

"भट्टीवर. इटा उचलतीय. वाचायचं इसराया लागलीय, बाई." मग तिनं कोंबडी पुढं केली. "ही साहेबाला पोचवा. तवा आमचं चुकलंच. त्येला चिंबोऱ्या चालत नसतील, इचाराया पायजे हुतं."

तिला सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं. तिनं कोंबडी आणखी पुढं केली. एकदा तिचं वाढलेलं ताट तसंच राहिलं होतं, आता मीही नको म्हणू? मी दोन्ही हातांनी कोंबडी घेतली.

तिचा चेहरा उजळला. "मंग पावसाआधी शाळा उघडंल ना, बाई?"