संदर्भसूचीत कौसामावशी नाहीत

मित्रमैत्रिणींनो, आज मी कौसामावशींना फसवलं.

जुन्या ज्वारीच्या वाणांवरचा माझा प्रबंध टेंभुर्णीच्या या मावशींनी सांगितलेल्या माहितीवरच उभा आहे. दुपारी बांधून आलेली प्रत दाखवायला गेल्ते.

“मला वाचता येत न्हाई. माझ्या नावावर बोट ठिव,” त्या म्हणाल्या.

संदर्भसूची उघडली, तर त्यांचं नाव कुठेच नाही. सॉफ्टवेअरमध्ये तिचे प्रकारवार भाग मीच पाडलेले. ग्रंथांची नावं ठळक, नियतकालिकांची तिरकी. मुलाखतींचा भाग टाकायचाच विसरले, म्हणून एकही मुलाखत छापली गेली नाही. विद्यापीठातही प्रती जमा झाल्यात.

मी एका प्राध्यापकाच्या नावावर बोट ठेवलं.

मावशींनी त्यावरून हात फिरवला. “मंग बराबर,” म्हणाल्या आणि प्रत ठेवून घेतली, नातीकडून वाचून घ्यायला.

नात पाचला शाळेतून येते. आता साडेचार झालेत. काय करू?