मिस्त्रींचा सतराचा पाना

उद्योजकता प्रशिक्षणात सरांनी आम्हाला छापील फॉर्म दिले. प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभं राहायचं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून आणायच्या. फॉर्म भरल्याशिवाय गॅरेजसाठी कर्ज मिळणार नव्हतं. आणि मी अक्कल गहाण टाकून पेठ वडगावात माझ्याच मिस्त्रींच्या गॅरेजसमोर जाऊन उभा राहिलो. चार वर्षं त्यांच्याच हाताखाली मी मोटरसायकली खोलायला शिकलो होतो.

तासाभरात पान भरलं. नट ढिला राहतो, वायर उलटी जोडली, ब्रेक लागत नाही. मला आनंदच होत होता, खोटं कशाला बोलू.

मिस्त्री बाहेर आले. "काय लिवतोयस रं?"

चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मोठ्यानं सगळं वाचून दाखवलं.

"भाड्या, माझ्याच दारात माझी अब्रू काढतोस?" म्हणत त्यांनी हातातला सतरा नंबरचा पाना माझ्या डोक्याच्या दिशेनं हाणला. घाव कानाजवळून गेला आणि मागच्या गाडीचा हेडलाइट फुटला. काचा माझ्या मानेत घुसल्या. दुसरा घाव खांद्यावर बसला. मग माझंही डोकं फिरलं. मी त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. ते पडले, भुवई फुटली, रक्त डोळ्यांत उतरलं. तिथं तरी थांबायला हवं होतं. मी पडलेल्या माणसाला दोन लाथा घातल्या, तेव्हा लोकांनी मला ओढलं.

मिस्त्री रक्त पुसून जमिनीवर पाना शोधत होते. तो वीतभर अंतरावर पडला होता, आणि त्यांचा हात नुसताच माती चाचपत होता.

"दिसत न्हाय व्हय?" मी विचारलं.

"वरीस झालं," ते हळू म्हणाले. "कुणाला सांगू नगंस. गिऱ्हाईक तुटंल."

चौघांनीही ते ऐकलं होतं.

माझं कर्ज मंजूर झालं. आज माझ्याकडं दोन पोरं पगारावर आहेत, गिऱ्हाईक बहुतेक मिस्त्रींचंच. सर मला नव्या तुकडीपुढं बोलायला बोलावतात. मी जातो, बोलतो, त्या दिवसाचं एवढं सोडून सगळं सांगतो.

गेल्या खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजायला मांडत होतो, तेव्हा मिस्त्रींच्या मंडळी आल्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला पाना माझ्या हातात दिला.

"काकू, त्यांच्याकडंच राहू द्या की."

"मी बी तेच म्हटलं," त्या म्हणाल्या. "तर म्हणालं, हत्यार चालत्या गॅरेजात असावं."