बर्फातला गडगा

आमच्या ऑफिसात कोणी मुद्दाम किस्से करायला जात नाही, ते आपोआप साठतात. रत्नागिरीत बसून आम्ही चौघं उपग्रहाच्या फोटोंवर आर्क्टिकच्या हिमनद्या बघतो आणि बर्फावर जिथे दगडगोटे पसरलेत तिथे माउसने हद्द आखतो. बर्फ आमच्यापैकी एकानेही पाहिलेला नाही. फ्रीजमधला सोडून.

*

शेजारणीने आईला विचारलं, "मुलगी पुण्याची नोकरी सोडून आली, आता करते काय?"

आई म्हणाली, "दगड बघते."

शेजारीण म्हणाली, "आपला कातळाचा सडा काय वाईट होता गो?"

*

नाझनीन जयगडची. तिचा भाई बोटीवर असतो, पार नॉर्वेपर्यंत जाऊन आलाय. आम्ही तिच्या मागे लागलो, विचार ना त्याला, बर्फावरचे दगड जवळून कसे दिसतात. तिने स्पीकरवर फोन लावला.

भाई म्हणाला, "मी इंजिन रूमला असतो. मी फक्त घाम बघितलाय."

*

काका आमच्यात सगळ्यात मोठे, जमीन मोजणी खात्यातून रिटायर होऊन आलेले. दोन हिमनद्या एकत्र आल्या की मधोमध दगडांची लांब पट्टी तयार होते. ती अख्खी पट्टी आखून घ्यायची असते. काकांनी तिथे नुसती एक रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'सामाईक गडगा'. जशी नारळीच्या दोन आगरांच्या मधली दगडी भिंत.

ऑफिस चालवणारे आमचे सर म्हणाले, "काका, तिथे गडगा कोण घालायला गेलाय?"

काका शांतपणे म्हणाले, "दोघे एकत्र नांदायला लागले की गडगा येतोच."

*

त्या गडग्यांपायी आमचा अख्खा लॉट नापास झाला. काम देणाऱ्या संस्थेने आणखी एक संधी दिली. एकच हिमनदी दोघांनी वेगवेगळी आखायची, एकमेकांचं न बघता, आणि दोन्ही आखण्या जुळायला हव्यात. सरांनी मला आणि काकांना बसवलं. काम गेलं तर ऑफिस बंद आणि मी परत पुण्याला. मला जायचं नव्हतं. आई इथे एकटी, आणि खरं सांगायचं तर मलाच इथे बरं वाटतं.

काका मात्र निवांत. चहा पिताना नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. एकाच जमिनीच्या दोन मोजण्या बोटभरही फरक न पडता जुळल्या की ते साहेबांना सांगत, "दुसरा शेतात उतरलाच नाही. पहिल्याचा कागद बघून घरी गेला."

*

डबा खाताना काका सहज बोलून गेले, "त्या वरच्या कोपऱ्यात दगड बरेच आहेत."

तो कोपरा मी डोंगराची सावली म्हणून सोडून दिला होता.

"काका, ती सावली आहे. तेवढं बदला ना."

"माझी मोजणी झाली गो."

"अहो, माझी नोकरी जाईल."

"मग तू बदल."

मला रडूच यायला लागलं. पण सावलीला दगड म्हणवेना. तसंच पाठवून दिलं.

आठवड्याने मेल आला. एक कोपरा सोडून सगळं जुळतंय, काम तुम्हालाच. नाझनीनने खाजा आणला. मी काकांच्या टेबलाशी जाऊन विचारलं, "त्या दिवशी मी घाबरून तिथे दगड केले असते तर?"

काका खाजा मोडत म्हणाले, "मग मी सावली केली असती."