धोब्याचा पिच्चर

नरडाण्यापासून धुळ्यापर्यंत कोणाच्याही लग्नात जा, माइकवर माझ्याइतका कोणी हसवत नाही. म्हणजे मला बोलवतात ते खुर्च्या लावायला— माइक मी आपला मोकळा सापडला की धरतो.

असा मी, मंडपवाल्याकडचा माणूस. स्वतःची फजिती फुकट सांगतो. बायकोनं उलथनं फेकून मारलं तेही सांगतो, कुठं लागलं तेही दाखवतो. पण ही एक गोष्ट बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

माझी भाची आहे— काजल. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. बाप दुसरं घर करून बसला, तेव्हा बहीण तिला घेऊन माझ्याकडे राहायला आली. काजलचे हातवारे दोघांनाच पक्के कळायचे, तिच्या आईला आणि मला. मी नकला करणारा माणूस. मला हातवारे काय अवघड?

काजल लहान होती तेव्हा बहिणीला धुळ्याच्या दवाखान्यात नेली. ती परत आली नाही. तिकडंच सगळं उरकून आम्ही घरी आलो, तर काजल दारात उभी. कपाळावर बोट टेकवलं— टिकली, म्हणजे आई— आणि दोन्ही हात पसरले. कुठंय?

आत बायका रडत होत्या. मी काय करावं? मी ड्रायव्हर झालो. स्टेअरिंग फिरवलं, खड्ड्यात उडालो, टोपी पाडली. आई बसनं गेलीय, येईल. पोरगी खदाखदा हसली. मला वाटलं— जमलं.

मग ती रोज फाट्यावर जाऊन बसायची. बसमधून उतरणाऱ्या बायकांची तोंडं बघायची. मी घ्यायला जायचो आणि येताना परत हसवायचो. पुढं तिला जळगावला मुक्या-बहिऱ्या पोरांच्या शाळेत घातली. तिथं शिकली, वाचायला लागली, आणि कधीतरी तिला समजलं असणार. तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मी त्याला शहाणपणा म्हणायचो, बोला!

शाळेतून ती एक येड घेऊन आली. जपानमधला कोणी म्हातारा आहे, चित्रं काढून काढून पिच्चर बनवतो. ही ते मोबाइलवर बघायची. मी म्हटलं, हे काय कार्टून बघायचं वय आहे? पण बसलो शेजारी. बोलणं जपानी, खाली हिंदी अक्षरं. तिला ऐकू येत नाही, मला वाचता येत नाही. ती वाचून हातानं मला सांगायची, आणि गाणं कुठं लागलं ते मी तिच्या हातावर ठेका देऊन सांगायचो. खोटं नाही सांगत, चांगले दिवस होते ते.

तिचा लाडका पिच्चर एकच. मी त्याला धोब्याचा पिच्चर म्हणायचो. एक म्हातारा धोबी आणि एक पोरगी. पोरीची आई मेलेली, पण म्हातारा रोज आईचे कपडे धुवून दोरीवर वाळत घालतो— पोरीला वाटावं, आई इथंच कुठंतरी आहे. शेवटी एक दिवस तो पोरीजवळ येऊन बसतो आणि खरं सांगतो. दोघं रडतात. दोरी रिकामी करतात.

तिथं आलं की दरवेळी मी चहा ठेवायला उठायचो.

तर जळगावला त्या म्हाताऱ्याच्या पिच्चरांचं येड असलेल्यांचा मेळावा ठरला. कॉलेजची पोरं-पोरी, नोकरीवाले, हॉल भरलेला. ज्यानं त्यानं उभं राहून आपला लाडका पिच्चर कोणता आणि का, ते सांगायचं. शेवटी सगळ्यांनी हात वर करून एक निवडायचा. काजलनं नाव दिलं. ती हातानं सांगणार, मी तोंडानं. नवा ड्रेस घातला होता तिनं.

तिची पाळी आली. तिनं हातानं सांगितलं— पिच्चरमधला म्हातारा खोटं बोलला. माझा मामाही बोलला. माझी आई मेली तेव्हा त्यानं मला बस चालवून दाखवली. मी फाट्यावर बसायची. पण तो म्हातारा शेवटी पोरीजवळ येऊन बसतो. माझा मामा अजून बसला नाही. मी वाट बघते.

माइक माझ्या हातात होता. आणि मी काय बोललो?

"ती म्हणते, मला हा पिच्चर आवडतो कारण यातला म्हातारा रोज कपडे धुतो. माझा मामा दिवाळीच्या दिवाळी बनियन बदलतो!"

हॉल हसला. काजलचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खूण केली— मस्त चाललंय, सांग पुढं. ती सांगत गेली, मी बनियन धूत गेलो. पुढच्या रांगेतल्या पोरी हसून हसून डोळे पुसायला लागल्या. काजलला ते पुसणं दिसलं.

हात वर झाले. सगळ्यात जास्त हात धोब्याच्या पिच्चरला!

येताना गाडीत तिनं विचारलं, लोक आधी का हसले? मी सांगितलं, तू माझ्या बसच्या नकलेचं सांगितलंस त्याला हसले, नंतर रडले. मग तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. थोड्या वेळानं हातानं म्हणाली— सगळ्यांना समजलं. तुलाही समजलं ना?

मी मान हलवली. शेजारी तर बसलेलोच होतो. तेवढंच बोलायचं होतं. नाही बोललो.

ती नरडाण्याला कंपनीत पॅकिंगला लागली. घरी कोणी पाहुणा आला की कौतुकानं सांगायची, एकदा हॉलभर माणसांनी माझं ऐकलं, माझ्यासाठी रडली. आणि ते पाहुण्याला तोंडानं कोण सांगणार? मीच.

मग मोबाइलमध्ये बोललेलं अक्षरात उमटवायची सोय आली. एका दुपारी मी अंगणात होतो, आतून माझाच आवाज आला. बनियन. हॉलचं हसणं. परत बनियन. त्या दिवशी कोणीतरी काढलेली शूटिंग तिनं जपून ठेवली होती. दारातून बघितलं तर ती खाली मान घालून वाचत होती. तोंडावर काहीच नव्हतं. आत जाऊन जवळ बसायचं, एवढंच काम होतं. मी चप्पल घातली आणि पानटपरीवर गेलो. तिथल्या लोकांना हसवलं.

परवा तिला बघायला पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे वडील, आबा. पोहे झाले. काजल मुलाकडे बघून हातानं काहीतरी विचारायला लागली. आबा मला म्हणाले, "भाऊ, पोर काय म्हनी ऱ्हायनी?"

मी सतरंजीवर पुढं सरकलो. सवयीनं तोंडावर हसू आणलं. काजलनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं, मोबाइलवर लिहिलं आणि तो मुलाकडे दिला.

"मोठ्यानं वाच ना रे," आबा म्हणाले.

त्यानं वाचलं, "मामा बोलतो ते माझं नसतं. मला काय विचारायचं ते लिहून विचारा."