ओवाळणीचे ब्रेक

साधनानं व्हॅन चालवायला घेतली तेव्हा अर्ध्या तीर्थपुरीनं तोंडात बोटं घातली आणि उरलेल्या अर्ध्या गावानं नावं ठेवली. आता त्याच घरांतल्या बायका कापूस वेचायला जाताना तिच्या गाडीत जागा धरून ठेवतात. बाई खमकी. कुणाचा एक शब्द खाली पडू देणार नाही. पण सख्ख्या भावापुढं मात्र अगदी भाबडी.

भाऊ भुजंग. त्याचं कुंभार पिंपळगावात गॅरेज. गाडी आली त्या साली भाऊबीजेला ती त्याला म्हणाली, "साड्या ढिगानं पडल्यात. त्यापरीस दरसाली ब्रेकचे नवे पॅड बसवून देत जा." तेव्हापासून भुजंग ओवाळणीच्या तबकात पॅडचा खोका ठेवायचा. दुसऱ्या सालापासून खोक्यावर आधीच कुंकू असायचं. वहिनीनं पूजा केली असेल, असं धरून साधना शेजारी आपलं बोट टेकवायची. जेवण झालं की भुजंग खोका आणि गाडी घेऊन जायचा, संध्याकाळी गाडी चकाचक धुऊन आणायचा. भावाची ओवाळणी उघडून बघायची नसते, त्यानं भावाला कमीपणा येतो, हे आईनं लहानपणीच शिकवलं होतं. साधनानं कधी बघितलं नाही.

यंदा दिवाळी सरली आणि ऐन वेचणीत ब्रेक दाबला की चाकातून कर्रर्र आवाज यायला लागला.

"साधने, चाक दात खाऊन राह्यलं तुझ्यावर," मागं बसलेली गोजरबाई म्हणाली. बायका हसल्या.

साधनानं भावाला फोन लावला. "नवे पॅड हायेत ताई, बसायला टाईम लागतो. बिलकुल टेन्शन घेऊ नको," भुजंग म्हणाला. भाऊच म्हणतोय म्हटल्यावर तिनं टेन्शन घेतलं नाही.

मग एका सकाळी उतारावर उसाचा ट्रॅक्टर अचानक पुढ्यात थांबला. साधनानं ब्रेक पार तळापर्यंत दाबला. गाडी खरवडत, किंचाळत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. या वेळी कुणी हसलं नाही. गोजरबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी हळूहळू घरी आणून साधनानं फोनवर व्हिडिओ लावला. मागच्या चाकांना दगड लावले, नट सैल केले, जॅक चढवला, पुढचं चाक उतरवलं. पॅडवरचा थर पाटीवरच्या पेन्सिलीहून पातळ झाला की पॅड बदला, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. इथं थर उरलाच नव्हता, लोखंडावर लोखंड घासत होतं.

गाडी एवढी फिरते, झिजले असतील, असं तिनं स्वतःलाच समजावलं. पण पाना लावायला गेली तर पॅड धरणाऱ्या बोल्टावर काळ्या मातीचा चिखल वाळून दगड झालेला. तो पावसाळ्यातला चिखल. दिवाळीत कुणी हा बोल्ट फिरवला असता तर तो तिथं राहिला असता का? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

ती तशीच एसटीनं गॅरेजवर गेली. फळीवर तोच खोका होता. त्यावर कुंकवाची बोटं होती, एकाशेजारी एक, सगळी तिचीच. तिनं उघडला. आत वजनाला जुने नट भरले होते.

"पहिल्या साली बसवल्ते ताई, आईची आण," भुजंग खाली बघत म्हणाला. "मंग सणाच्या दिवशी कंटाळा यायचा. तू बी कधी बघितलं न्हाई..."

"भाऊ हायेस म्हणून न्हाई बघितलं! गाडीभर बायका असत्यात रे माझ्या मागं. त्यायची लेकरं घरी वाट बघून राह्यलेली असत्यात."

नवे पॅड आणि ते ज्यावर घासतात त्या लोखंडी चकत्या तिनं दुसरीकडून आणून स्वतः बसवल्या. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पायडल कडक होईस्तोवर दाबत राहिली. आता आवाज यायची ती वाट बघत नाही, अधूनमधून चाक खोलून थर बघते.

पुढच्या भाऊबीजेला भुजंग आला, तबकात साडी ठेवली. साधनानं ओवाळलं, पेढा भरवला. मग त्याच्यासमोरच साडीची घडी मोडली आणि पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेडात धरून बघितली. साडी कोरी होती, चांगली होती. तरी तिनं सगळी बघितली.